बोटीचे घड्याळ आणि पोटाचे घड्याळ

आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक मागच्या महिन्यात दवाखान्यात आले. मुलाने हौसेने आईवडिलांना सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर, म्हणजे मोठ्या प्रवासी जहाजावर, फिरवून आणले होते. मास्तरांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. "सहल छान झाली डॉक्टर, पण एका तासाने घोटाळा केला," असे म्हणून त्यांनी जे सांगितले, ते परदेशी सहलीला निघणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे.

जहाज थायलंडमधील फुकेटजवळ नांगर टाकून उभे होते. पटोंगच्या किनाऱ्यावर लहान होड्यांतून ने-आण चालली होती. परतीची शेवटची होडी चार वाजता, असे जहाजावर मिळालेल्या कागदात छापलेले होते. सकाळी सातला नाश्ता करून मास्तरांनी साखरेची गोळी घेतली आणि मंडळी किनाऱ्यावर उतरली. उतरताच मुलाच्या मोबाईलने फुकेटची वेळ आपोआप पकडली. ही वेळ सिंगापूरपेक्षा एका तासाने मागे असते. जहाजाचे घड्याळ मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चालू होते.

देऊळ, बाजार आणि शाकाहारी खाणावळीचा शोध यात दुपार झाली. मोबाईलमध्ये दोन वाजता सगळे जेवायला बसले. अजून दोन तास आहेत, म्हणून निवांत! शेजारच्या टेबलावरच्या सहप्रवाशाने आपले मनगटी घड्याळ दाखवले, तर तीन वाजून गेलेले. ताटे यायच्या आधीच मंडळी उठली आणि किनाऱ्याकडे पळत सुटली.

सकाळी सातचा नाश्ता, वर साखरेची गोळी, डोक्यावर ऊन आणि ही धावपळ. होडीच्या रांगेत मास्तरांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. बाईंना वाटले, हार्ट अटॅकच आला. मुलाने प्रसंगावधान राखून गोड शीतपेय पाजले. पंधरा मिनिटांत मास्तर भानावर आले आणि होडीही मिळाली. थोडक्यात निभावले, पण दरवेळी असे निभावेलच असे नाही.

आता यात चूक कोणाची? खरे तर कोणाचीच नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. त्या हिशेबाने पूर्वेकडचे घड्याळ पुढे आणि पश्चिमेकडचे मागे. आपल्या देशात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वेळ असल्याने मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला बोटीने जाणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. परदेशात मात्र जहाज एका रात्रीत वेळेची सीमा ओलांडते. तेव्हा जहाजाचे घड्याळ बदलायचे की नाही, हे जहाजावर ठरते. लांबच्या प्रवासात ते बहुधा रात्री बदलतात व आदल्या संध्याकाळी तशी सूचना देतात. छोट्या सहलीत एखाद्याच बंदरासाठी घड्याळ बदलण्यापेक्षा काही जहाजे आपली मूळ वेळच कायम ठेवतात.

त्यातून काही देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, काही करत नाहीत. मेक्सिकोतील कोझुमेल बेटाची वेळ हिवाळ्यात अमेरिकेतील मायामीइतकीच असते, पण उन्हाळ्यात एका तासाने मागे पडते. म्हणजे त्याच बंदरात, त्याच जहाजाने, जानेवारीत चालणारा हिशेब जूनमध्ये चुकू शकतो!

जहाजाने स्वतः आखलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज शक्यतो तिची वाट पाहते. आपण स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर स्वतः ठरवलेल्या सहलीवरून उशिरा परतलेल्या आठ प्रवाशांना सोडून जहाज निघून गेले होते. अशा वेळी कपडे मागे राहिले तरी चालते. पण इन्शुलिन आणि हृदयाच्या गोळ्या खोलीत राहिल्या, तर परक्या गावात काय करणार?

आता शरीराकडे वळू. आपल्या मेंदूतही एक घड्याळ आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवले जाते. असे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, या संशोधनाला २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकू शकते. म्हणूनच विमानाने एका दमात पाच तासांचा फरक ओलांडणारा माणूस चार दिवस पेंगत राहतो. तेच अंतर बोटीने आठवडाभर काटणाऱ्याला, रोज रात्री एक तास बदलत गेल्याने, फारसे जाणवत नाही. पश्चिमेकडे जाताना तर रात्र तासाने वाढते आणि झोप चांगली होते.

तेव्हा एका तासाच्या फरकाने रक्तदाबाची किंवा थायरॉईडची रोजची गोळी बिघडत नाही. त्याची चिंता करू नये. प्रश्न जेवणाशी बांधलेल्या औषधांचा आहे. ग्लिमेपिराईडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. आपण जेवलो की नाही, हे ती पाहत नाही. तेच इन्शुलिनच्या इंजेक्शनचे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. आपली गोळी कोणती, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सहलीला जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) मनगटावर साधे काट्याचे घड्याळ बांधावे आणि जहाजावरून उतरताना ते जहाजाच्या घड्याळाशी जुळवावे. परतण्याची वेळ त्यावरच मोजावी. मोबाईलवर विसंबू नये. बाहेरची गाडी ठरवताना "कोणत्या वेळेने?" हे आधी विचारावे.

२) जेवणाआधीचे औषध घड्याळ पाहून नव्हे, तर जेवण नक्की समोर येणार असेल तेव्हाच घ्यावे. एक गृहस्थ परदेशात भारतीय वेळेचे घड्याळ पाहून गोळ्या घेत होते. मधुमेह्याने असे करू नये.

३) खिशात ग्लुकोज किंवा साखर आणि बिस्किटे असावीत. घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटू लागले की तीन चमचे साखर खावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा खावी व मग काहीतरी पोटभरीचे घ्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी.

४) किनाऱ्यावर जाताना दोन दिवसांची औषधे आणि औषधांची चिठ्ठी जवळच्या पिशवीत ठेवावी.

५) बाहेर संडास-मोरीची सोय नाही, म्हणून बरेच जण लघवीची गोळी परस्पर बंद करतात आणि पाणीही पीत नाहीत. हे दोन्ही घातक. गोळीची वेळ बदलता येते, पण डॉक्टरांना विचारून.

६) पॅसिफिक महासागरात वाररेषा ओलांडली की तारीख एका दिवसाने बदलते. पूर्वेकडे जाताना एकच वार दोनदा येतो. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने वार पाहून गोळी घेतली, तर लागोपाठ दोन दिवस घेतली जाईल, आणि हे औषध जास्त झाल्यास जिवावर बेतू शकते. तिथे सात रात्री मोजाव्यात.

७) हृदयरोग्याने होडीसाठी पळू नये. त्यासाठी छापलेल्या वेळेच्या तासभर आधीच परतावे.

मास्तरांनी निघताना विचारले, "पुन्हा जाऊ का डॉक्टर?" म्हटले, अवश्य जा. फक्त मनगटावर बोटीची वेळ आणि खिशात साखर, एवढे विसरू नका.