ग्रंथतालिकेतील नवी नोंद : एका सार्वजनिक वस्तूचे अर्थशास्त्र

बेंगळूरुच्या आग्नेय भागातील सर्जापूर रस्ता आज माहिती तंत्रज्ञान उद्योगासाठी ओळखला जातो. विप्रो कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे आहे. पुढे सर्जापूरजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर लागतो. कर्नाटकच्या २०१० च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उच्च शिक्षणातील वाचनसामग्री कन्नड व हिंदीत उपलब्ध करून देण्याचा ‘अनुवाद संपदा’ हा उपक्रम चालविला आहे. मात्र अनुवाद झाला म्हणजे तो विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला, असे होत नाही. तालिकेत नोंद नसलेला ग्रंथ कपाटात असूनही वाचकाच्या लेखी नसल्यासारखाच असतो. म्हणूनच नव्या ग्रंथाची नोंद हा केवळ कार्यालयीन सोपस्कार न राहता ज्ञानाच्या वितरणाचा प्रश्न ठरतो.

नोंद कशी होते?

ग्रंथ खरेदीने वा देणगीने आला की प्रथम त्याला दाखल क्रमांक मिळतो. ही झाली मालमत्तेची नोंद. त्यानंतर तालिकीकरण सुरू होते. कर्ता, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या यांचे वर्णन केले जाते. विषयशीर्षके ठरतात. वर्गीकरणानुसार वर्गांक दिला जातो. ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, तर कन्नड साहित्याचा ८९४.८१४ आहे. संगणकीय तालिकेत ही माहिती ‘मार्क’ या प्रमाणित रचनेत भरतात. तीत कर्त्यासाठी १००, शीर्षकासाठी २४५ व विषयासाठी ६५० असे ठरावीक रकाने असतात. रचना समान असल्यामुळे एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याला उतरवून घेता येते.

पहिल्या नोंदीचा खर्च

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. पहिली नोंद तयार करण्यास प्रशिक्षित व्यक्तीचा वेळ लागतो. तिची नक्कल करण्याचा सीमांत खर्च मात्र जवळजवळ शून्य असतो. एका ग्रंथालयाने नोंद वापरल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. सार्वजनिक वस्तूचे हे प्रमुख लक्षण होय. खर्च एकाचा आणि लाभ अनेकांचा असल्यामुळे प्रत्येक ग्रंथालय दुसऱ्याने नोंद करावी अशी वाट पाहू शकते आणि अशा नोंदी गरजेपेक्षा कमी निर्माण होतात.

इंग्रजी ग्रंथांबाबत ही अडचण सौम्य असते, कारण मोठ्या परदेशी ग्रंथालयांच्या तयार नोंदी सहज मिळतात. भारतीय भाषांतील ग्रंथांची नोंद मात्र बहुधा नव्याने करावी लागते. तीत विशेष जाणकारीही हवी. वि. वा. शिरवाडकरांनी कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने लिहिल्या, तर नाटके स्वतःच्या नावाने. ही दोन्ही नावे तालिकेत एकमेकांशी जोडली नाहीत, तर वाचकास त्यांचे निम्मेच साहित्य सापडेल. अनुवादाच्या नोंदीत मूळ कर्ता, मूळ शीर्षक आणि अनुवादक या तिन्ही वाटांनी शोध घेता आला पाहिजे. नोंद केवळ रोमन लिपीत असेल, तर एकाच नावाची अनेक स्पेलिंगे होतात. म्हणून मूळ लिपीतील नोंद आवश्यक ठरते.

सार्वजनिक व्यवस्था

या प्रश्नाचा पाया भारतात पूर्वीच घातला गेला. ग्रंथप्रदान अधिनियम, १९५४ अन्वये प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य तीन ग्रंथालयांस प्रत देणे बंधनकारक आहे. त्या आधारे कोलकात्याचे केंद्रीय संदर्भ ग्रंथालय भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची तयार करते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडण्यासाठी १९९१ मध्ये इन्फ्लिबनेटचा कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली, तसेच न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली यांमुळे आज्ञावलीचा खर्चही कमी झाला.

बेंगळूरु शहराचा या विषयाशी जुना संबंध आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये येथेच प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. वाचकाचा वेळ वाचविणे हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र होय. चांगली नोंद हेच त्याचे साधन आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ मुळे राज्यात ग्रंथालयांचे विस्तृत जाळे उभे राहिले. एकाच मराठी ग्रंथाची नोंद गावोगावी पुन्हा पुन्हा करण्याऐवजी ती एकदाच, मूळ लिपीत व प्रमाणित रचनेत करून सर्वांना विनामूल्य देणे हा काटकसरीचा मार्ग आहे. ग्रंथखरेदीच्या अनुदानाबरोबर तालिकीकरणासाठी प्रशिक्षित मनुष्यबळाची तरतूद झाली, तरच खरेदीवरील खर्च सार्थकी लागेल.

अभ्यासासाठी प्रश्न
१. ग्रंथतालिकेतील नोंद ही सार्वजनिक वस्तू का मानावी?
२. भारतीय भाषांतील ग्रंथांच्या तालिकीकरणातील अडचणी सांगून उपाय सुचवा.