तुसाचे मोल आणि गटारात जाणारे गरम पाणी

कापडाची उधारी वसूल करायला डहाणूकडे माझी फेरी असते. रानशेतच्या वाटेला भाताच्या गिरणीमागे तुसाचा ढीग धुमसताना पाहिला, की मला भिवंडीतले आमचे सायझिंगवाले आठवतात. अशाच भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, ते रोख पैसे मोजून घेतात. व्यापारी बंधूंनी हा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा.

१०० किलो भातामागे सुमारे २० किलो तूस निघते. एक किलो कोरड्या तुसात साधारण ३,००० किलोकॅलरी उष्णता असते. थंड पाण्याची एक किलो वाफ करायला सुमारे ६३० लागतात. म्हणजे २० किलो तुसाची कागदावर ९५ किलो वाफ व्हावी. लहान बॉयलरवर ५५-६० किलो मिळाली तरी पुष्कळ. बाकीची उष्णता बहुतेक धुराड्यातून जाते.

ओल हा दुसरा चोर. मी स्वतः एकदा पावसाळ्यात स्वस्त मिळतो म्हणून ट्रकभर भुसा घेतला. त्या पाण्याचे पैसे मी दोनदा भरले. एकदा वजनकाट्यावर आणि दुसऱ्यांदा भट्टीत, कारण ते पाणी उडवायलाच जळण खर्ची पडले.

डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र १९९५-९६ पासून चालू आहे. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली बरीचशी थंड करणाऱ्या पाण्याबरोबर जाते. ती उष्णता पुष्कळ, पण पाणी नुसते कोमट, त्यामुळे तिच्याकडून काम करून घेणे अवघड. ती गळती नव्हे, यंत्राचा स्वभावच आहे.

आपले तसे नाही. सायझिंगमध्ये कांजी लावलेला ताणा ज्या सिलिंडरवर सुकतो, त्याच्या आतल्या वाफेचे पाणी होते. ते स्वच्छ असते आणि नव्वद अंशांच्या आसपास गरम. अनेक ठिकाणी ते सरळ गटारात सोडतात! तेच बॉयलरच्या टाकीत परत घेतले, तर टाकीचे पाणी दर सहा अंशांनी तापण्यामागे सुमारे एक टक्का जळण वाचते. कांजीच्या हौदात सोडलेली वाफ मात्र परत मिळत नाही.

कारखानदाराने त्या नळीखाली पिंप ठेवून तासाचे पाणी मोजावे. १०० लिटर भरले, तर तासाला तीन किलोहून अधिक तूस फुकट जाळले असे समजावे. दहा तासांच्या पाळीला तीस किलो. पंप आणि नळाचा खर्च किती दिवसांत फिटेल, हे मग आपल्या जळणाच्या भावावरून काढता येते. टाकीला झाकण आणि नळाला वेष्टण मात्र हवेच, नाहीतर पाणी वाटेतच निवते.