लाकडाचे घनफळ : मापन व हिशेब

घनफळाचे गणित बहुधा फळ्यावरच सुरू होते व फळ्यावरच संपते. परंतु घर बांधताना किंवा बांधावरचे झाड विकताना हेच गणित कुटुंबाच्या पैशाशी येऊन भिडते. ज्याला ते येत नाही, त्याला समोरचा सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. म्हणून वरच्या वर्गांत हा पाठ प्रत्यक्ष मापनाने घ्यावा.

प्रथम पुठ्ठ्याची एक फूट लांब, रुंद व उंच अशी पेटी करून घ्यावी. हा एक घनफूट. एक फूट लांबीच्या आणि एक इंच रुंद व एक इंच जाड अशा १४४ काठ्या तीत मावतील, हे तळावर चौकटी आखून दाखवावे. मग पुढील रीत पाठ करून घेण्याची गरज उरत नाही : लांबी फुटांत व रुंदी-जाडी इंचांत असल्यास गुणाकारास १४४ ने भागावे. मुले १२ ने भागतात, ती चूक येथेच सुटते.

उदाहरण : दाराच्या चौकटीच्या दोन उभ्या बाजू प्रत्येकी ७ फूट, आणि वरची पट्टी व उंबरठा प्रत्येकी ४ फूट आहेत. सर्वांची रुंदी ४ इंच व जाडी ३ इंच आहे. एकूण लांबी २२ फूट. २२ × ४ × ३ = २६४; २६४ ÷ १४४ = १.८३ घनफूट.

गोल ओंडक्यासाठी व्यवहारात पाव-घेराची रीत चालते. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा व लांबीने गुणावे. घेर ४ फूट व लांबी १० फूट असल्यास १ × १ × १० = १० घनफूट. वृत्तचितीच्या सूत्राने मात्र उत्तर १२.७३ येते. पाव-घेराचे माप खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच असते. करवतीत व तासणीत जाणारी तूट त्यात जणू आधीच वजा केलेली असते. दर ठरविताना कोणते माप धरले आहे, हे विचारण्याची सवय मुलांना लावावी.

घेर कोठे मोजावा, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वरील ओंडका बुंध्याकडे ५ फूट व शेंड्याकडे ३ फूट घेराचा आहे असे समजावे. शेंड्याकडील घेर धरल्यास ५.६, बुंध्याकडील धरल्यास १५.६ व मधला धरल्यास १० घनफूट भरतात. पहिल्या मापाने विकणारा नागवला जातो, दुसऱ्याने घेणारा. म्हणून घेर मध्यावरच, दोरी ताणून घ्यावा. तो सालीवरून घेतला की साल काढून, हेही नोंदवावे. घेराचा वर्ग होत असल्याने मध्यावर अवघ्या २ इंचांची चूक झाली, तरी याच ओंडक्यात ०.८५ घनफुटाचा फरक पडतो.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे स्वीकारली गेली. तरी सुताराच्या व वखारीच्या बोलण्यात घनफूट टिकून आहे. यासाठी १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, हे नाते मुलांना अवगत असावे.

स्वाध्याय : गावातील सुताराकडे किंवा परिसरात पडलेला एखादा ओंडका निवडावा. मुलांच्या तीन गटांनी तो स्वतंत्रपणे मोजावा व उत्तरे ताडून पाहावीत. फरक आल्यास शिक्षकांनी उत्तर सांगू नये. दोरी पुन्हा मुलांच्याच हाती द्यावी.