लीडरशिपचा कोर्स नको, विंगेतलं काम घ्या

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या नेहमीच्या प्रश्नांत हल्ली एकाची भर पडते. 'कंपन्यांना म्हणे टीममध्ये काम करणारी मुलं हवी असतात. मग लीडरशिपचा कुठला कोर्स लावू?' प्रश्न आई विचारते, फीची चौकशी बाबा करतात. ज्याचं करिअर आहे तो शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो.

शाखेचं आधी उरकतो. इंजिनिअरिंग, कॉमर्स, बीएस्सी, आयटीआय, जे झेपेल आणि आवडेल ते घ्या. चार माणसांबरोबर काम सगळीकडेच करावं लागतं. हा कोर्स मात्र लावू नका. दोन रविवार खेळ, स्लाइड्स, शेवटी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट. तिथे तुम्ही काही केलं नाही तरी कुणाचं अडत नाही, आणि कुणाचं अडणारच नसेल तर जबाबदारी अंगी लागायची कशी?

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. 1913 मध्ये छापलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार माणसं वाढली तसा माणशी जोर घटत गेला. आठ जण असले की प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या जेमतेम निम्मा. सगळ्यांचा हिसका एकदम बसत नाही, हे त्याचं एक कारण. पण पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या आणि आरोळ्यांवर प्रयोग केले, तेव्हा गर्दीतला चुकारपणाही पकडला गेला. 1981 च्या प्रयोगांत तर प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार हे कळताच हा चुकारपणा गेला. कुणी भाषण दिलं नव्हतं की शपथ घेतली नव्हती.

आपल्याकडच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं उलटं चालतं. चौघांचा ग्रुप, राबतो एक, सह्या चौघांच्या. कधी चौघं मिळून तयार प्रोजेक्ट विकत आणतात. मुलाखतीत 'यात तुझं काम कोणतं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'सर, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.' समोरच्याला तेवढं पुरतं. आयटी कंपन्यांत रोज पंधरा मिनिटांची स्टँड-अप मीटिंग असते: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. नवी मुलं फसतात ती तिसऱ्या प्रश्नावर. अडलेलं लपवतात आणि मुदतीच्या दिवशी हात वर करतात. काम अडतं सगळ्यांचंच. ते वेळेत सांगणाऱ्यावर टीम विसंबते.

हे कुठे शिकायचं? माझं उत्तर ऐकून पालक नाराज होतात. कॉलेजच्या एकांकिकेत, तेही विंगेत. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालते. भूमिका मिळाली नाही म्हणून हिरमुसू नका. प्रॉपर्टी मागून घ्या, प्रकाशयोजना घ्या, म्युझिक ऑपरेट करा. नाटकातलं पत्र टेबलावर ठेवायला विसरलात तर प्रेक्षकांसमोर दुसरंच कुणीतरी उघडं पडतं. चूक कुणाची, हे पडदा पडायच्या आत सगळ्यांना ठाऊक असतं. आणि इथे सहभागाचं कौतुक करून वेळ मारून नेत नाहीत. 2022 मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असं ठरवलं आणि अंतिम फेरीत करंडक दिलाच नाही.

नाटकाचं वावडं असेल तर एनएसएस आहे. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. शिबिरात स्वयंपाकाची पाळी चुकवली तर अख्खा गट उपाशी, हे कोर्समध्ये शिकवता येत नाही.

आता पालकांशी बोलतो, जरा कडक. मुलाला टीमवर्क शिकवा म्हणणारे तुम्हीच, प्रयोग पंधरा दिवसांवर आला की 'क्लास बुडतोय, तालीम बंद' असा हुकूम सोडता. दिलेला शब्द मोडला तरी चालतो, बाकीच्यांनी आपलं बघून घ्यावं, हा धडा त्याला घरीच मिळतो. वाटल्यास काम घेण्याआधी नाही म्हणा, घेतल्यावर नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल तुम्ही पूर्ण करता. मुदत वाढवून मागायला सरांना फोन तुमचा. नोकरी लागल्यावर रजेसाठी साहेबांना फोन करणारे बाबाही मी पाहिले आहेत. ज्याच्या चुकांची सगळी किंमत आईबाप मोजतात, त्याच्यावर ऑफिसात कुणी भरवसा ठेवत नाही. कापू द्या मार्क. ऐकू द्या बोलणी.

कॉलेज सुरू झालं की पहिल्याच महिन्यात त्याला किंवा तिला नाट्यमंडळात नाहीतर एनएसएसच्या ऑफिसात जाऊन नाव नोंदवायला सांगा. सोबत जाऊ नका.