भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नकोस

अगं, पित्ताशय काढण्यापेक्षा तुला ‘मध्येच जाग आली तर?’ याचीच धास्ती जास्त, हे फोनवर लगेच कळलं मला. ‘काही होत नाही गं’ म्हणून तुला गप्प नाही करणार. इतकी वर्षं थिएटरात उभी राहून मला ते शोभणार नाही.

असं होतं, पण फार क्वचित. ब्रिटन आणि आयर्लंडच्या भूलतज्ज्ञांनी रुग्णांच्या अशा तक्रारी दोन्ही देशांतून गोळा केल्या. २०१४च्या त्यांच्या अहवालात साधारण १९,००० भुलींमागे एक निघाली. स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल, तर ८,०००मागे एक. दिलेलं नसेल, तर लाखाहून जास्त भुलींमागे एक. मेख आहे ती तिथेच. त्या औषधानं हातपाय हलत नाहीत, मग जाग आली तरी माणूस सांगणार कसं? दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट फुगवावं लागतं, म्हणून तुलाही ते देतील.

आता भूल किती गाढ आहे ते पाहायला कपाळावर लावतात ती पट्टी. ती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपते आणि पडद्यावर शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवते. ४० ते ६० म्हणजे गाढ भूल. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी जास्त धोक्याच्या जवळपास अडीच हजार रुग्णांवर ती तपासली, २००४मध्ये निष्कर्ष आले: पट्टी असलेल्यांत दोघांना जाग आली होती, नसलेल्यांत अकरांना. पण म्हणून लगेच पट्टीचा हट्ट धरू नकोस हं! गॅसची भूल असेल, तर तुझ्या प्रत्येक उच्छ्वासात किती गॅस आहे ते मशीन मोजतं, आणि कमी पडला की अलार्म वाजतो. पुढच्या एका मोठ्या चाचणीत पट्टी या अलार्मपेक्षा सरस ठरली नाही. मात्र सगळी भूल शिरेतूनच देणार असतील, तर असं मोजमाप नसतं. तेव्हा बिनधास्त विचार, “डॉक्टर, मेंदूचा मॉनिटर लावणार ना?” चांगला भूलतज्ज्ञ रागावत नाही. शिवाय तो आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. केटामिन दिलं की उगाच चढतो, कपाळाचे स्नायू आवळले तरी चढतो. शेवटी आकडा वाचणारा माणूस जागा हवा!

तुझं काम त्याच्या आधीचं. तपासायला येतील तेव्हा रात्रीची ती झोपेची गोळी सांग, बीपीची सांग, आधीच्या भुलीत काही विचित्र घडलं असेल तर तेही. सासूबाई शेजारी असतील तर त्यांना चहा आणायला पाठव, पण गोळी लपवू नकोस. अशा गोळ्यांची सवय असली, तर भुलीचा हिशेब बदलू शकतो.

नंतर काही बोलणं, ओढल्यासारखं काही आठवलं, अगदी आठवड्यानं आठवलं तरी, ‘भास असेल’ म्हणून गिळू नकोस. डॉक्टरांना सांग, मलाही सांग.

आणि हो, त्या दिवशी कपाळाला क्रीम नको, तेल नको, टिकलीही काढून ठेव. पट्टी नीट चिकटत नाही मग.