तळं हे तिचं माहेर नव्हे

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, बदक फार ओरडतं, शेजारी वैतागलेत. रविवारी तळ्यावर सोडून येते, तिथं बाकीची बदकं आहेतच की." तेव्हा काही बोलले नाही, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. रागावले नाहीये गं, पण ऐक.

तळ्यावर दिसतात ती हळदी-कुंकू बदकं. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. अंगाचा रंग गवतात मिसळून जाणारा, आणि जरा चाहूल लागली की भुर्रकन आकाशात. तुझी बदकी पांढरीशुभ्र, पेकिन जातीची. तिचे रानटी पूर्वज, मल्लार्ड, किलो-सव्वा किलोचे. माणसानं मांसासाठी वाढवत वाढवत ही जात तीन-साडेतीन किलोवर नेली, पंख मात्र त्या मानानं वाढले नाहीत. एकदा तिला उचलून बघ. छाती केवढी जड लागते हाताला! ती उडणार कशी?

असं सोडून दिलेलं एक बदक मी पाहिलंय. माणूस दिसला की तुरुतुरु काठावर यायचं. लोक पाव टाकायचे. त्यानं पोट भरतं, पोषण होत नाही. कुत्रं आलं तरी ते तसंच उभं राहायचं, कारण भ्यायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. चौथ्या दिवशी गवतात नुसती पांढरी पिसं होती. काही बदकं तगतातही, पण ती माणसांच्या दयेवर आणि नशिबावर.

आणि तिच्या ओरडण्याचं म्हणशील, तर मोठ्यानं 'क्वॅक क्वॅक' करते ती मादीच. नराचा आवाज घसा बसल्यासारखा. बदक थव्यात राहणारा जीव, एकटं पडलं की हाका मारतं. तिला सोबत हवीय गं.

मामाच्या ओळखीत एकांच्या शेततळ्यावर बदकं आहेत. दिवसा मोकळी, रात्री खुराड्यात बंद. कापायला देणार नाहीत, हे आधी नीट विचारून घेऊ. तोवर मोठ्या घमेल्यात पाणी ठेव, तिचं डोकं पूर्ण बुडेल एवढं. डोळे आणि नाकपुड्या ती त्यातच धुते.

रविवारी मी येते. टोपलीत जुनी चादर घालून ठेव, दोघी मिळून तिला पोचवून येऊ.