दुखवट्याचा ठराव : परंपरा, पद्धत आणि पंचायतीचे कर्तव्य

लोकप्रतिनिधींच्या सभागृहात दिवंगतांना आदरांजली वाहण्याची प्रथा आपल्या संसदीय जीवनात दृढमूल झालेली आहे. विधानमंडळाच्या परिभाषेत तिला 'शोकप्रस्ताव' म्हणतात. गावोगावच्या ग्रामपंचायतींत तोच 'दुखवट्याचा ठराव' म्हणून ओळखला जातो. प्रथा अंगवळणी पडली की तिच्यामागील हेतू विस्मृतीत जाण्याचा संभव असतो. म्हणून या ठरावाचे स्वरूप आणि त्याची पद्धत जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

सभागृहातील परंपरा

महाराष्ट्र विधानमंडळाच्या अधिवेशनात, साधारणतः पहिल्याच दिवशी, मधल्या काळात दिवंगत झालेल्या माजी सदस्यांविषयी शोकप्रस्ताव मांडले जातात. दिवंगत व्यक्तीचा जन्म, शिक्षण, सार्वजनिक कार्य व भूषविलेली पदे यांचा त्यात उल्लेख असतो. त्यानंतर सर्व सदस्य काही वेळ स्तब्ध उभे राहतात. या प्रस्तावावर मतविभागणी होत नाही. उभे राहणे हीच संमती होय. संसदेत सभागृहाच्या शोकभावना महासचिवांमार्फत दिवंगताच्या कुटुंबाला कळविण्यात येतात.

या परंपरेतील काही प्रसंग इतिहासाचा भाग झाले आहेत. महात्मा गांधींच्या हत्येनंतर २ फेब्रुवारी १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेच्या (विधिमंडळ) बैठकीत आदरांजली वाहिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्याच दिवशी नेहरूंनी लोकसभेत त्यांच्या कार्याचा गौरव केला. लता मंगेशकर १९९९ ते २००५ या काळात राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्या होत्या. त्यांच्या निधनानंतर ७ फेब्रुवारी २०२२ रोजी आदरांजली वाहून राज्यसभेचे कामकाज एक तास तहकूब करण्यात आले.

हा मान केवळ थोरांसाठीच राखून ठेवलेला नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसद भवनावर झालेल्या हल्ल्यात प्राणार्पण करणाऱ्यांचे स्मरण संसदेत दरवर्षी केले जाते. त्यांत सुरक्षा कर्मचाऱ्यांबरोबर उद्यानात काम करणारा एक माळीही होता. देशाचे सर्वोच्च सभागृह माळ्याच्या स्मरणार्थ स्तब्ध उभे राहते, ही गोष्ट ग्रामपंचायतींनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

गावाचे इतिवृत्त

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत देणे आवश्यक असते. त्या नोंदवहीत नाव, वय व दिनांक येतो. पण त्या माणसाने गावासाठी काय केले, हे तेथे लिहिले जात नाही. ती उणीव सभेचे इतिवृत्त भरून काढू शकते. ज्या गावाचा लिखित इतिहास नाही, त्या गावाला पुढे हेच इतिवृत्त उपयोगी पडते.

समजा, चाळीस वर्षे गावातील बाळंतपणे करणारी एखादी सुईण वारली. 'गावची अपरिमित हानी झाली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो,' एवढाच ठराव झाला, तर तो कोणालाही लागू पडेल. परंतु 'पावसाळ्यात ओढ्याला पूर असतानाही पलीकडच्या वाडीत जाऊन त्यांनी बाळंतिणींची सुटका केली,' असे एक खरे वाक्य इतिवृत्तात आले, तर ती सुईण पन्नास वर्षांनंतरच्या वाचकालाही कळेल. यासाठी ठराव लिहिताना पुढील पथ्ये पाळावीत :

१. नाव, वय व निधनाचा दिनांक कुटुंबाकडून पडताळून घ्यावा.
२. विशेषणांऐवजी केलेल्या कामाचा उल्लेख करावा.
३. पक्ष, जात, भावकी वा जुना वाद मनात आणून कोणाचे नाव गाळू नये.
४. सूचक व अनुमोदक यांची नावे नोंदवावीत आणि ठरावाची प्रत सरपंचांनी स्वतः घरी नेऊन द्यावी.

ठरावानंतरचे कर्तव्य

प्रत देण्यासाठी दारात गेलेल्या सरपंचाला त्या घराची स्थिती दिसते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाचा कर्ता माणूस गेला असल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य मिळू शकते. निराधार विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दुःखाच्या दिवसांत अर्जाचे भान घरच्यांना राहत नाही. पंचायतीने ते ठेवावयास हवे.

या बाबतीत कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने एक पाऊल पुढे टाकले. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तिने मे २०२२ मध्ये संमत केला. राज्याच्या ग्रामविकास विभागाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले.

दिवंगताच्या सन्मानार्थ सभा दोन मिनिटे उभी राहते. त्याच्या मागे राहिलेल्या माणसांच्या पाठीशी ती पुढेही उभी राहिली, तर दुखवट्याच्या ठरावाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. येत्या ग्रामसभेपूर्वी सरपंच, सदस्य व शिक्षक यांनी वर्षभरात निवर्तलेल्या ग्रामस्थांची यादी एकत्र बसून करावी. तिच्यात कोणाचे नाव राहून गेले आहे, हे त्या वेळीच ध्यानात येईल.